पाव तास पुढे

मित्रांनो, मी एक जुनं भिंतीवरचं घड्याळ आहे. डोंबिवलीतल्या एका लिफ्ट नसलेल्या सोसायटीत, वरच्या मजल्यावर, हॉलमधल्या सोफ्याच्या बरोबर वर माझा मुक्काम असतो. माझी पांढरी तबकडी आता पिवळट झाली आहे, काचेला एका कोपऱ्यात तडा गेला आहे आणि सेकंदकाटा वर चढताना जरा अडखळतो. अडखळतो, पण थांबत नाही. एक गोष्ट मात्र आधीच सांगून टाकतो, कारण माझी सगळी कहाणी तिच्यावर उभी आहे. या घरात आल्या दिवसापासून मी पाव तास पुढे आहे.

जन्मलो तेव्हा मी असा नव्हतो. माझा जन्म गुजरातेत, मोरबीचा. एका लांबलचक टेबलाशी बसलेल्या बायकांपैकी एकीनं माझे काटे बसवले, पाठीत सेल घातला आणि मला कानाशी धरून ऐकलं. मग कारखान्यातल्या मोठ्या घड्याळाकडे बघून तिनं माझी वेळ लावली. खरी वेळ सांगायची, एवढंच मला तिथं शिकवलं गेलं. पेंढ्याच्या खोक्यात बसून मी कल्याणला आलो आणि बाजारपेठेतल्या एका दुकानात इतर घड्याळांच्या गर्दीत टिकटिक करत राहिलो. तिथून मला भाऊंनी घेतलं.

भाऊ तेव्हा ठाण्याच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. नव्या जागेची किल्ली नुकतीच हातात आली होती आणि तिच्यात लावलेली पहिली वस्तू मीच. त्यांनी स्वतः खिळा ठोकला, मला टांगण्याआधी उलटं केलं आणि पाठीमागची चावी फिरवून माझे काटे पाव तास पुढे नेले. माझा जीव खाली-वर झाला. एवढ्या लांबून खरं बोलायला आलो आणि पहिल्याच दिवशी तोंडात खोटं घातलं गेलं. भाऊ घरच्यांना म्हणाले की गाडी काही आपल्यासाठी थांबायची नाही, तेव्हा आपणच तिच्याआधी जागं झालेलं बरं.

पुढे कळलं की यात नवल काहीच नाही. या गावात घरोघरी माझे असेच भाऊबंद आहेत. कुणी पाच मिनिटं पुढे, कुणी दहा, आणि ज्याच्या त्याच्या घरच्यांना आपापला आकडा पाठ. पाहुणा घाबरून उठायला लागला की यजमान हसून म्हणतो, बसा हो, आमचं पुढे आहे. आता तुम्ही विचाराल, सगळेच जण मनातल्या मनात पाव तास वजा करतात तर पुढे ठेवायचं कशाला? मित्रांनो, मलाही ते इतक्या वर्षांत कळलेलं नाही. भाऊंना एकदा सुनेनं हेच विचारलं होतं. घाई अंगात मुरलेली राहते, असं ते म्हणाले आणि पेपर वाचायला लागले.

माझ्या राज्यात भाऊ कधी कामावर उशिरा गेले नाहीत. त्यांचा मुलगा अनिमेष माझ्याकडे बघत शाळेत गेला, कॉलेजात गेला आणि मग ठाण्याच्या एका कंपनीत परचेस खात्यात लागला. दाढी करताना तो बेसिनपाशी मान वाकडी करून मला बघायचा, ओठ हलवून वजाबाकी करायचा आणि बरोबर वेळेला जिना उतरायचा. दसऱ्याला भाऊ मला खाली घेत. ओल्या फडक्यानं पुसून, हळदीकुंकू लावून, नवा सेल घालून पुन्हा टांगत आणि पाव तास बरोबर आहे ना, ते तपासत. पुढे घरात मोबाइल आले. दिवसभर माझ्याकडे कुणी ढुंकून बघेना, जळमटं धरली तरी कुणाच्या लक्षात येईना. पण सकाळी, हात ओले असताना आणि डोक्यात शंभर कामं असताना, सगळ्यांचे डोळे आपोआप माझ्याकडेच वळत. तेवढ्यावर मी समाधानी होतो.

एका दुपारी अनिमेष घरी आला. त्या वेळेला मी त्याला रविवारशिवाय कधी पाहिलं नव्हतं. हातात एक कापडी पिशवी होती आणि तिच्यात त्याचा ऑफिसमधला चहाचा मग. त्याची मुलगी क्षिप्रा, नववीतली, अभ्यास करत बसली होती. बाबा, तू एवढ्या लवकर कसा, असं तिनं विचारलं. त्यानं चपला काढल्या, पाणी प्यायलं आणि सांगून टाकलं. कंपनी दुसऱ्यांनी विकत घेतली होती, खरेदीचं सगळं काम आता हैदराबादहून होणार होतं आणि इथल्या खात्याची गरज उरली नव्हती. त्यानं काही लपवलं नाही, हे मला फार आवडलं. त्याची बायको उत्तरा जवळच्याच एका पतपेढीत नोकरी करते. संध्याकाळी आल्यावर तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, तुझ्यासारख्याला मिळेल दुसरी, पंधरा दिवस आराम कर. भाऊंनी पेपराचं पान उलटलं. ते आता ऐंशीच्या घरात आले आहेत आणि दिवसाचा बराच वेळ पेपराआड असतात.

पंधरा दिवस गेले, महिना गेला, पावसाळा संपून दसरा आला, दिवाळी होऊन गेली. नोकरी शोधणं हे नोकरी करण्यापेक्षा कितीतरी थकवणारं काम असतं, हे मी त्या दिवसांत पाहिलं. अनिमेष सकाळी आंघोळ करून, लॅपटॉप घेऊन माझ्याखालीच सोफ्यावर बसायचा. वर इस्त्रीचा शर्ट, खाली घरातली हाफ पँट. फोन यायचे. पलीकडून कुणी मुलगी आधीचा पगार विचारायची, मग वय विचारायची आणि मग तिचा आवाज जरा गोड व्हायचा. आवाज गोड झाला की काम झालं नाही, हे मलाही ओळखता यायला लागलं. एका ठिकाणी त्याच्या निम्म्या वयाच्या साहेबानं त्याला शेवटपर्यंत 'सर, सर' म्हटलं आणि अनुभव फारच जास्त आहे म्हणून नाकारलं. अनुभव जास्त असणं हा गुन्हा कधीपासून झाला, ते माझ्यासारख्या जुन्या वस्तूला कसं कळावं?

जिन्यात भेटणारे लोक 'आज सुट्टी का' असं विचारायचे. त्यांच्या मनात काही नसायचं, पण त्याला ते लागायचं. मग तो जिन्यात कुणी नसेल अशा वेळेलाच खाली उतरायला लागला. दाढी एक दिवसाआड व्हायला लागली. तरी सकाळी तो मान वाकडी करून मला बघायचा, ओठ हलवायचा आणि मग कुठंही जायचं नाही हे आठवून तसाच उभा राहायचा. ते बघणं मला फार जड जायचं. मला वाटायचं की बघणारा मी एकटाच आहे. पण पेपराच्या आडून भाऊही बघत होते.

अशातच एकदा बंगळुरूच्या एका कंपनीनं त्याची मुलाखत लॅपटॉपवर घेतली. त्या कॅमेऱ्यात अनिमेषच्या डोक्यावर मी ठसठशीत दिसत होतो. मुलाखत घेणाऱ्या बाई हसून म्हणाल्या की तुमच्या घरचं घड्याळ चुकलेलं दिसतंय. अनिमेष बिचारा भाबडेपणानं त्यांना समजावायला लागला की चुकलेलं नाही, मुद्दाम पुढे ठेवलंय, आमच्याकडे सगळ्यांचं असतं. बाईंना काही त्याचा अर्थ लागेना. त्या समजावण्यात बराच वेळ गेला आणि कामाचं बोलणं आटोपतं घेतलं गेलं. दुसऱ्या दिवशी नकार आला. तो माझ्यामुळे आला असं मला वाटत नाही. पण भाऊंना तसं वाटलं.

त्याच आठवड्यात घरात कुणी नसताना भाऊंनी स्टूल ओढलं. एका हातानं भिंत धरत वर चढले. मला माझ्यापेक्षा त्यांचीच काळजी वाटत होती. त्यांनी मला काढलं, खाली बसून मांडीवर घेतलं आणि चावी उलटी फिरवून माझी वेळ बरोबर लावली. इतक्या वर्षांनी मी पहिल्यांदा खरं बोलायला लागलो. आनंद व्हायला हवा होता. पण भाऊ मला पुन्हा टांगताना स्वतःशीच पुटपुटले, "आता कसली घाई लावायची पोराला." आणि माझा आनंद जागच्या जागी विरला.

त्यांनी ही गोष्ट कुणालाच सांगितली नाही. विसरले नव्हते, मुद्दाम सांगितली नाही. कॅमेऱ्यात बरं दिसावं म्हणून वेळ लावली, एवढं सांगता आलं असतं. पण सांगताना दुसरं कारणही तोंडातून निसटेल, अशी त्यांना धास्ती होती, म्हणून ते मूग गिळून बसले.

मग घरात लहानसहान उशीर व्हायला लागले. क्षिप्रा क्लासला उशिरा पोचली, तिनं रिक्षावाल्यावर ढकललं. उत्तराची पतपेढीत हजेरी मागे-पुढे झाली. तिला वाटलं, आपण हल्ली दमतोय, सकाळी हात चालत नाहीत. कुणीही माझ्याकडे संशयानं बघितलं नाही. मित्रांनो, थकलेल्या माणसांना प्रत्येक उशीर स्वतःचाच वाटतो. मी टिकटिक करत होतो, पण टिकटिकीला शब्द नसतात.

आणि नेमका तेव्हाच राजरत्नचा फोन आला. राजरत्न हा अनिमेषच्या जुन्या खात्यातला मित्र, त्याचीही नोकरी अनिमेषबरोबरच गेलेली. त्याला ठाण्यात बाळकुमला एका औषधांच्या बाटल्या बनवणाऱ्या कंपनीत काम मिळालं होतं आणि तिथं परचेसची एक जागा रिकामी होती. त्यानं साहेबांच्या कानावर घातलं होतं. फोन स्पीकरवर होता, म्हणून मी ऐकलं. "साहेबांना बाकी काय नाय, वेळेचा माणूस पायजे," राजरत्न म्हणाला. "मी छातीठोक सांगितलंय, अनिमेष आयुष्यात कधी लेट झालेला नाय. तू फक्त ये, बाकीचं जमलेलंच आहे."

कित्येक महिन्यांनी घरात पुन्हा घाई दिसली. आदल्या संध्याकाळी उत्तरानं निळा शर्ट इस्त्री केला, क्षिप्रानं बूट पॉलिश केले. सकाळी उत्तरा आणि क्षिप्रा आपापल्या वाटेनं गेल्या. भाऊ तर सगळ्यांच्या आधी उठले होते. मुलाच्या मुलाखतीसाठी गणपतीला दुर्वा वाहायला ते काठी टेकत फडके रोडला निघाले. जाताना दारातून त्यांनी अनिमेषला यशस्वी हो म्हटलं. त्या गडबडीत माझा विषय त्यांच्या डोक्यातून पार गेला होता.

अनिमेषचा मोबाइल आतल्या खोलीत चार्जिंगला होता. तो बेसिनपाशी दाढी करत होता. कितीतरी दिवसांनी शीळ घालत होता. त्यानं मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं आणि ओठ हलवले. मी बघत होतो. त्यानं पाव तास वजा केला. माझ्यात जे नव्हतंच, ते त्यानं काढून घेतलं. मग निवांतपणे चहा घेतला, कागद पुन्हा एकदा लावले, माझ्या शेजारच्या, दिवंगत आईच्या फोटोला नमस्कार केला. मला ओरडावंसं वाटत होतं, पण मला टोलही नाहीत. त्याच्या हिशेबानं हाताशी भरपूर वेळ ठेवून तो जिना उतरला आणि माझ्या हिशेबानं तो उशिरा निघाला होता.

पुढचं मी त्याच्याच तोंडून ऐकलं. रिक्षात बसल्यावर त्यानं मोबाइलवर वेळ पाहिली आणि रिक्षावाल्याला घाई करायला सांगितलं. स्टेशनला पोचेपर्यंत ठरवलेली गाडी सुटून गेलेली. पुढच्या गाडीनं ठाणं गाठलं, तर कापूरबावडी नाक्याला ट्रॅफिक तुंबलेला. रिक्षा सोडून तो बाळकुमपर्यंत पळत गेला. निळा शर्ट घामानं काळा झाला. काउंटरवरच्या मुलीनं त्याला पाणी दिलं आणि सांगितलं की साहेबांनी वाट पाहिली, आता ते कारखान्याकडे गेले, तुम्हाला कळवतील. तिचा आवाज गोड होता.

तो परत आला तेव्हा भाऊ प्रसादाची पुडी घेऊन त्याचीच वाट बघत होते. त्यानं बूट काढले आणि सोफ्यावर बसला. राजरत्नचा फोन आला, तो त्यानं उचलला, ऐकलं, सॉरी म्हणाला आणि ठेवला. उत्तरा आणि क्षिप्रा घरी येईपर्यंत तो तसाच बसून होता. मग त्यानं सगळं सांगितलं. उत्तरा म्हणाली की होतं असं एखाद्या वेळेला. त्यावर तो शांतपणे म्हणाला, "एखाद्या वेळेला नाही गं. मी बिघडलोय. आजवर एक गोष्ट मला जमत होती, वेळेवर पोचायची. आता तीही जमत नाही. बरोबर केलं कंपनीनं. आता नको अर्ज करायला, नको कुणाच्या पाया पडायला."

मित्रांनो, एक नोकरी हातची गेली याचं दुःख होतंच. पण तो स्वतःबद्दल जे बोलला ते खोटं होतं आणि ते खोटं आहे हे त्या घरात फक्त दोघांना ठाऊक होतं. एक मी आणि एक भाऊ. मला बोलता येत नव्हतं. भाऊंना येत होतं. त्यांनी प्रसादाची पुडी सोडली, पुन्हा बांधली, चष्मा काढून पुसला. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. गप्प राहिले असते तर त्यांना कुणी कधीच बोल लावला नसता.

"अनिमेष," ते म्हणाले, "तू बिघडलेला नाहीस. घड्याळ बरोबर आहे."

कुणालाच अर्थबोध झाला नाही. क्षिप्रानं मोबाइल काढला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा मोबाइलकडे पाहिलं. "आबा, हे पुढे नाहीये," ती म्हणाली. "हे कधीपासून पुढे नाहीये?"

मग भाऊंनी सगळं सांगितलं. स्टूल, चावी, कॅमेऱ्यातल्या बाई. अनिमेषचा चेहरा लाल झाला. त्याचा आवाज मी त्या घरात कधी चढलेला ऐकला नव्हता, तो त्या संध्याकाळी चढला. एवढी गोष्ट केलीत तर एका शब्दानं सांगायला काय झालं होतं, असं त्यानं विचारलं.

"सांगायचं काय?" भाऊ म्हणाले. "तुला आता कुठं जायचं नाही, म्हणून मागे केलं, असं? रोज सकाळी तू घड्याळ बघून दचकायचास. मला बघवत नव्हतं रे."

बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. ते कधी रडलेले मी पाहिले नव्हते, अनिमेषच्या आईंचा फोटो माझ्या शेजारी लागला त्या दिवशीसुद्धा नाही.  अनिमेष उठला, कोपऱ्यातलं स्टूल आणलं आणि वर चढून मला खाली काढलं. मला वाटलं, संपलं आता, माझी रवानगी भंगारात. पण त्यानं शर्टाच्या बाहीनं माझी काच पुसली, जळमट काढलं, माझी पाठ फिरवली आणि चावीला हात घातला. काटे पुढे सरकले, बरोबर पाव तास. त्यानं मला भाऊंच्या समोर धरून दाखवलं.

"राहू दे पुढेच, भाऊ," तो म्हणाला. "अजून जायचंय मला."

त्याला अजून नोकरी लागलेली नाही. बाळकुमच्या साहेबांना त्यानं खरं कारण कळवलं. त्यावर ते हसले म्हणे, पण जागा तोवर भरली होती. तो अजूनही थकतो, अजूनही गोड आवाजाचे फोन येतात. मात्र जिना उतरताना कुणी आहे का हे तो आता बघत नाही. दाढी रोज होते. उद्या कल्याणला एक मुलाखत आहे आणि निळा शर्ट पुन्हा इस्त्री होऊन खुर्चीवर आला आहे.

मित्रांनो, माझी एक विनंती आहे. आम्हा जुन्या वस्तूंची धूळ अधूनमधून झटका, सेल वेळेवर बदला, एवढं तर कराच. पण तुमच्या घरी कुणाचं काम सुटलं असेल तर मायेपोटी त्याच्या माघारी काही बदलू नका. त्याचा डबा, त्याची जागा, त्याची सकाळ, काहीच नको. बदलायचंच असेल तर त्याला सांगा, त्याला आधी विचारा. जन्मभर मी खोटी वेळ दाखवली आणि माझ्यामुळे कुणाचं काही अडलं नाही, कारण ती किती खोटी ते सगळ्यांना ठाऊक होतं. घात झाला तो मी खरं बोलायला लागल्यावर, आणि तेही कुणाला न सांगता.

आत्ता भाऊ खुर्चीत बसून माझ्याकडे बघत आहेत आणि त्यांचेही ओठ हलताहेत. त्यांना कुठंच जायचं नाही. पण उद्या सकाळी पोराला वेळेवर उठवायचं काम त्यांनी मागून घेतलं आहे.